पॉविसची बाग दाखवणाऱ्या काकांना

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले होते, पण ते विमानतळावरच्या गडबडीत. आईचं त्याने समाधान होईना. "नीट लिही," म्हणाली. म्हणून हे पत्र, चारचौघांसमोर.

तुमची-आमची ओळख म्हणाल तर मैत्रिणीचे काका, एवढीच. तरी श्रूजबरीहून गाडी काढून तुम्ही आम्हाला वेल्समधल्या पॉविस किल्ल्याला नेलंत. किल्ला म्हटल्यावर आई गुडघ्याला क्रेप बँडेज बांधूनच निघाली होती. तिच्या डोळ्यांसमोर सिंहगड! पण तिथली चढणही काही थोडीथोडकी नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस उतार फोडून केलेल्या बागेच्या त्या सज्ज्यांवर तुम्ही आधी बाकं हेरलीत, मग रस्ता ठरवलात. प्रत्येक बाकावर आई टेकायची आणि तुम्ही तेवढ्यात काहीतरी दाखवायचात. ऊन खाणाऱ्या या भिंती ऊब धरून ठेवतात, म्हणून इथे नाजूक झाडंही तग धरतात, हे असंच एका बाकावर कळलं. खालच्या कुरणातले डॅफोडिल तर आईने वरूनच मनसोक्त पाहून घेतले.

आणि ते यू वृक्ष! तीनशे वर्षांचे, कापून कापून ढगांसारखे गोल झालेले, वरच्या सज्ज्यावरून ओथंबणारे. जवळ गेलं की काळपट हिरव्यावर पोपटी कोंब, आत मात्र नुसत्या तांबूस, कोरड्या फांद्या. आईने सवयीने पान चुरगळलं. तोंडाशी नेणार तोच तुम्ही हात धरलात. ते झाड विषारी असतं, हे आमच्या गावीही नव्हतं. त्याबद्दल तर वेगळे आभार मानायला हवेत.

क्लाइव्हचं नाव निघाल्यावर आई घुश्श्यात आली, तेव्हाही तुम्ही विषय टाळला नाहीत. किल्ल्यात ठेवलेला टिपू सुलतानचा तंबू प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हने आणलेला नाही, तो 1774 मध्येच वारला. 1799 मध्ये टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण पडली तेव्हा मद्रासचा गव्हर्नर होता त्याचा मुलगा एडवर्ड, आणि त्याची बायको हेन्रिएटा या पॉविस घराण्यातली, हे तुम्ही शांतपणे उलगडून सांगितलंत. मग तंबूचं ते फुलाफुलांचं सुती कापड बघितलं. पुढे याच बागेतल्या मेजवान्यांना तो तंबू उभारत, हे ऐकून आई जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. तुम्ही मात्र "बरोबर आहे वहिनी," म्हणालात. तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तर "जाऊ द्या, जुन्या गोष्टी" म्हणून तिला गप्प केलं असतं. बाग सुंदर आहे आणि मनात खुपतही राहते, दोन्ही तुम्ही आम्हाला पाहू दिलंत.

पुण्याला याल तेव्हा उतरायचं आमच्याकडेच. पुरणपोळीचं आईने आधीच ठरवून टाकलंय. काकूंना नमस्कार.

तुमची,
वहिनींची लेक