ब्लॉकच्या खाली काय, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला पेव्हर ब्लॉकवरचा लेख वाचला. फोटो देखणे आहेत, वाद नाही. भिंतीला कोणता रंग शोभेल, बागेतल्या पायवाटेला कोणता आकार घ्यावा यावर अर्धे पान, आणि ब्लॉकच्या खालचे एका ओळीत उरकले : ‘पाया योग्य प्रकारे तयार करून घ्यावा.’ अहो, योग्य प्रकारे म्हणजे कसा, हे कळावे म्हणूनच माणूस लेख वाचतो ना?

मी शामरावनगरात राहतो. इथली काळी माती काय चीज आहे, हे सांगलीकरांना सांगायला नको. मे महिन्यात भेगांत हात जातो, जुलैत तीच माती फुगून फाटक अडते. दोन वर्षांपूर्वी तुमच्याच पुरवणीचे कात्रण दाखवून सौभाग्यवतींनी चांगली शहाबादी फरशी उपटायला लावली. ठेकेदाराने टिकाव मारल्यासारखे केले, मुरूम पसरला, खड्डे होते तिथे क्रश सॅण्डच ओतून लेव्हल केली आणि दीड दिवसात अंगण तयार. रोलर नाही, साधा धुम्मसही नाही. ‘आत गाडी येते, ८० एमएम जाडीचे ब्लॉक नकोत का?’ असे मी विचारलेही. ‘काका, साठवर ट्रक उभा करतोय आम्ही. तुम्ही बिनघोर ऱ्हावा.’

राहिलो बिनघोर. पहिल्याच पावसाळ्यात चाकांखाली दोन पन्हाळी पडल्या. नातवाने गोटी कुठूनही सोडली तरी ती घरंगळत तिथेच येऊन थांबते. कडेला कर्ब, म्हणजे ब्लॉक धरून ठेवणारी पक्की कड, नसल्याने ब्लॉक बागेकडे सरकले, मधल्या फटीत आता बोट जाते. शेवटी पहारीने एक ब्लॉक उचकटला, तर खाली चार इंच वाळूचा लगदा आणि त्याखाली बुटाला चिकटणारी आपली काळी माय.

आमचे मेहुणे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. ते आले, बघितले आणि आधी पोटभर हसले. मग म्हणाले, काळी माती निदान फूट-दीड फूट काढायची, मुरूम थराथराने पाणी मारून दाबायचा, त्यावर खडी. वाळू फक्त इंच-दीड इंच, तीही ब्लॉक बसवायला. खड्डे बुजवायला नव्हे. उतार मीटरला दोन सेंटिमीटर, घरापासून बाहेर. (आमचा उतार उंबऱ्याकडे आहे. ठेकेदाराने तेवढे मात्र मनापासून केले.) ब्लॉकसाठी आयएस १५६५८ हे भारतीय मानक आहे, हेही मला तेव्हाच कळले. मेहुण्यांचा सल्ला असा, की गाडी फिरते तिथे ८० एमएम घ्यावेत, नुसत्या चालण्यापुरते असेल तर ६० चालतात.

आणि तुमचे लेखक लिहितात, सांधे सिमेंटच्या स्लरीने (पाण्यात कालवलेल्या पातळ सिमेंटने) भरा, म्हणजे गवत उगवणार नाही! ब्लॉक वाळूवर बसतात, थोडे हलतात, स्लरी तडकणारच. सांध्यात बारीक कोरडी वाळू झाडूने भरायची आणि वरून प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत दाबणारे यंत्र) फिरवायचा. गवत उगवलेच तर उपटावे. आमच्या आजीने जन्मभर उपटले.

जाता जाता आणखी एक. तुमचा पेपर टाकणारा मुलगा सायकलवरून न उतरता फाटकावरून पेपर भिरकावतो आणि तो नेमका त्या पन्हाळीत पडतो. कालची पुरवणी मी इस्त्री फिरवून वाचली. मुलाला दोष देत नाही, त्याचा नेम उत्तम आहे. पण पावसाळ्यापुरती प्लॅस्टिकची पिशवी घालायला काय हरकत आहे? वर्गणी तर आगाऊ घेता.

कळावे,
एक जुना वर्गणीदार, शामरावनगर, सांगली

ता. क. : नाव छापू नये. ठेकेदार आमच्याच गल्लीत राहतो, आणि अंगण पुन्हा उकरायला दुसरा कोणी मिळत नाही.