थंडी परत येतेय, रोपं सांभाळ

नागपूर
२१ जानेवारी

प्रिय दिगंबर,

परवा फोनवर तू घाईत होतास आणि मागे मोटरीचा आवाज होता, म्हणून आज निवांत बसून लिहितो आहे. हा कागद विहिरीवरच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेव. तिथं काम करणाऱ्या दादांनाही वाचून दाखव, कारण रात्री शेतात तेच असतात.

तुझा प्रश्न होता, सगळ्या संत्र्याच्या बागेवर प्लास्टिक टाकू का. नको टाकू. पैसे घालवशील आणि रोपंही. का ते सांगतो.

संक्रांत झाली की थंडी गेली असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. पण आपल्याकडची कडाक्याची थंडी येते उत्तरेकडून. हिमालयात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची हवा, येऊन गेला आणि आकाश निवळलं, की कोरडं वारं मध्य प्रदेश ओलांडून थेट काटोल-नरखेडवर उतरतं आणि एक-दोन रात्रींत पारा पाच-सहा अंशांनी खाली येतो. जानेवारीअखेर येतं, फेब्रुवारीतही येतं. २९ डिसेंबर २०१८ची सकाळ तुला आठवत असेल. नागपुरात ३.५ अंश, तोवरच्या नोंदींतला सगळ्यात खालचा आकडा. त्या दिवशी आमच्या नाल्याकाठच्या तुरीची पानं कोणी उकळतं पाणी ओतल्यासारखी दिसत होती. सकाळी गर्द हिरवी, ओली, मऊ, दुपारपर्यंत काळी. वरच्या अंगाची तूर मात्र उभी होती. एकच वाण, एकाच दिवसाची पेरणी, मधे फार तर दीडशे पावलांचं अंतर.

हा फरक समजला की अर्धं काम झालं. आकाश मोकळं आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर आपली उष्णता वर सोडत राहते. जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड असते, ती उताराने खाली सरकते आणि सखल भागात साचते. तुझी नवी कलमं नेमकी खालच्या अंगाला आहेत. त्यात नाल्याकडच्या धुऱ्यावर घाणेरी आणि बोरीची गच्च झुडपं माजली आहेत. तिथं ही हवा अडते आणि पहाटेपर्यंत कलमांवर बसून राहते. या आठवड्यात आधी ते काम कर. धुऱ्यावरची झुडपं दोन-तीन ठिकाणी बैलगाडी जाईल एवढी तोडून वाट मोकळी कर. उत्तरेचा आणि पश्चिमेचा धुरा मात्र तसाच राहू दे, वारं तिकडूनच येतं. पुढच्या पावसाळ्यात त्या बाजूंना शेवरी लाव.

पेपरातल्या तापमानावर विसंबू नको. नागपुरातल्या सोनेगावच्या हवामान वेधशाळेतला तापमापक पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर असतो. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगत त्याहून तीन-चार अंश कमी असतात. म्हणजे बातमीत ४ अंश आले तर तुझ्या नाल्याकाठी दव गोठलेलं असू शकतं. किमान तापमान दाखवणारा साधा तापमापक आण आणि खालच्या कलमांच्या उंचीवर, काठीला बांध. आठवडाभर रोज सकाळी वाच. सोनेगाव आणि तुझं शेत यात किती अंतर पडतं ते कळलं की कुठल्या रात्री जागायचं आणि कुठल्या रात्री झोपायचं ते तुझं तुला कळेल.

आता पाणी. थंडीवर आपल्या हातातला सगळ्यात मोठा उपाय हाच, आणि तो जवळजवळ फुकटचा आहे. ओली जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती हळूहळू वर देत राहते. कोरडी भुसभुशीत माती पहाटेच्या आत गार पडते. म्हणून थंडीच्या लाटेचा इशारा आला की वांगी, टोमॅटो, मिरची आणि नवी कलमं यांना संध्याकाळी पाणी दे. पाणी थेट विहिरीचं दे, शेततळ्यातलं नको. पहाटे विहिरीच्या तोंडाशी उभा राहा, पाण्यातून वाफ वर येताना दिसेल. ते पाणी हवेपेक्षा कितीतरी कोमट असतं. शेततळ्यातलं पाणी रात्रभर उघड्यावर गार झालेलं असतं. तुझ्याकडे रात्रीची लाईन असते त्या आठवड्यात तर हे सोपंच आहे, बाराच्या पुढे मोटर चालली तरी चालेल. सरी भिजेल एवढंच दे, तुंबवू नको. काळ्या मातीत पाणी तुंबलं की थंडीतून वाचलेलं कलम मुळकुजीने जाईल.

आच्छादनाबद्दल लोकांचा गोंधळ होतो, कारण एकच वस्तू एका कामाला चांगली आणि दुसऱ्याला वाईट. आळ्यातला पालापाचोळा ओल धरतो, पण मातीची ऊब मातीतच अडकवतो, वरच्या पानांना ती मिळत नाही. म्हणून लाटेच्या दिवसांत छोट्या कलमांभोवतालचा पाला हातभर मागे सरकव आणि ती जागा ओली, उघडी ठेव. थंडी ओसरली की परत ओढून घे.

झाकायचं असेल तर कापडाने झाक. पातळ प्लास्टिकमधून जमिनीची उष्णता बरीचशी निघून जाते आणि पान जिथं प्लास्टिकला टेकतं तिथं हमखास करपतं. भाज्यांच्या वाफ्यांवर बांबूच्या कमानी करून जुन्या साड्या, धोतरं, बारदाना, काहीही टाक. बाजारात न विणलेल्या कापडाचं क्रॉप कव्हर मिळतं, तेही उत्तम. कापडाच्या कडा जमिनीला टेकल्या पाहिजेत, कारण ऊब खालून येते. बुंध्याशी गोळा करून बांधलं तर खालची ऊब बाहेरच राहते. दिवस मावळायच्या आत झाक आणि ऊन चढलं की काढ.

कलमांसाठी मात्र साड्या नकोत, तुराट्या हव्यात. तुझी तूर निघाली आहे, बांधावर ढीग पडला असेल. प्रत्येक कलमाभोवती तीन बाजूंनी तुराट्या किंवा पऱ्हाट्या रोव, वर कडब्याचं किंवा तणसाचं छोटं छप्पर टाक आणि आग्नेयेची बाजू उघडी ठेव. सकाळचं पहिलं ऊन तिकडूनच येतं आणि कलमाला सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते. तुझे पुतणे दोन दिवसांत सगळी ओळ उरकतील. रामटेककडच्या बारई मंडळींचे पानमळे आपण कॉलेजात असताना पाहिले होते ते आठव. नागवेलीसारखी नाजूक वेल त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गवत-काड्यांच्या आडोशात जगवली. मी शिकलो ते तिथूनच.

एक गोष्ट अजिबात करू नको. कोणी सांगेल, बुंध्याला मातीची भर लाव, डोळा (कलमाचा जोड) वाचेल. बर्फाच्या मुलखात ते चालत असेल. आपल्या काळ्या मातीत डोळा बांधलेली जागा मातीखाली गेली की डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, लागतो, आणि डिंक्याने संत्र्याच्या किती बागा गेल्या हे या भागात कोणालाही विचार. डोळ्याची जागा मातीच्या वीतभर वर, कोरडी आणि उघडीच राहिली पाहिजे. फार वाटलं तर सैल बारदाना गुंडाळ.

धुराचंही सांगतो. शेकोट्या पेटवून धूर करायची पद्धत जुनी आहे, आणि मी तिला नावं ठेवणार नाही, पण त्यात काम करते ती आगीची ऊब आणि तिच्यामुळे हलणारी हवा. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीची उष्णता ते अडवू शकत नाहीत. उलट सूर्य उगवल्यावरही धूर बागेत कोंडून राहिला तर ऊन उशिरा पोचतं. म्हणून पेटवायच्याच तर खालच्या अंगाला, लहान लहान, बऱ्याच ठिकाणी, आणि पहाटे तीननंतर. सगळ्यात कडक वेळ सूर्योदयाच्या आधीची असते. दहा वाजता एक मोठा जाळ करून सगळे झोपायला गेले तर लाकडं वाया.

आता तुझ्या जुन्या झाडांकडे येतो. तुला सगळी बाग झाकायची होती ना? दिगंबर, त्या मोठ्या झाडांना ही थंडी हवी आहे. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारी फुलं, तिच्याच जिवावर येतो. डिसेंबरपासून थंडी आणि पाण्याचा ताण मिळून झाडाची वाढ थांबवतात, काडीत अन्न साठतं, आणि ताण सुटला की पालवीऐवजी कळी निघते. फळाचा रंगही गार रात्रींनीच चढतो. उष्ण मुलखात संत्री पिकून गोड झाली तरी सालीवर हिरवी राहतात. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात मातीचा वाटा आहे तसा या हवेचाही आहे असं मी मानतो. म्हणून कलमांना संध्याकाळी पाणी देताना ते जुन्या ओळींत जाऊ देऊ नको. ठिबकचा व्हॉल्व्ह वेगळा कर, तो खर्च कर. आणि थंडीची लाट तोंडावर असताना ताण मोडू नको. आंबवणीचं, म्हणजे ताण सोडायचं पहिलं, हलकं पाणी दोन-चार दिवस उशिरा दिलं तर बिघडत नाही; कळी फुगली आणि त्याच रात्री पारा पडला तर मात्र बहार झडतो. चिंबवणी, म्हणजे दुसरं पाणी, त्यानंतरच.

युरिया महिनाभर हातात घेऊ नको. त्याने कोवळी फूट निघते आणि थंडीत पहिली तीच जाते.

आणि इतकं करूनही काही कलमं काळी पडलीच, तर लगेच कात्री लावू नको. हे मी तुला विनवून सांगतो, कारण तुला वाळलेलं काही झाडावर पाहवत नाही, मला ठाऊक आहे. वरून मेलेली दिसणारी काडी आत पुष्कळदा जिवंत असते. नखाने साल खरवड, आत हिरवं दिसलं तर थांब. नवी फूट कुठवर आली हे कळेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी सरेपर्यंत, सल (वाळलेली काडी) काढायची नाही. पाणी बेताचं द्यायचं. पानं नसलेलं झाड पाणी ओढत नाही. काढशील तेव्हा कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लाव. आणि डोळ्याच्या खालून फुटलेली फूट जपू नको, ती जंबेरीची, म्हणजे खालच्या खुंटाची असते, संत्र्याची नाही. ती लगेच मोडायची.

अडलंच तर अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन ये, करपलेली फांदी सोबत ने.

मी रविवारी सकाळच्या गाडीने काटोलला उतरतो. तापमापक मीच घेऊन येतो, इतवारीत मिळेल. तोवर तुराट्या चुलीत घालू देऊ नको, वहिनींना माझं नाव सांग. कलमांची मोजणी करून ठेव, म्हणजे बांबू किती लागतील ते ठरवता येईल.

तुझा,
वसंता