संगणक बसवून गेले, पासवर्ड मागेच राहिला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुनी बरीच यंत्रे विंडोज ११ ला लागणाऱ्या टीपीएम २.० या सुरक्षा चिपच्या अटीत अडकतात, म्हणून शाळा-महाविद्यालयांत नव्या संगणकांची खरेदी चालली आहे. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाची लॅबही नवी झाली. कंत्राटदाराच्या मुलांनी यंत्रांना पेन ड्राइव्ह लावले आणि सीताबर्डीला जेवायला निघून गेले. परत येईपर्यंत विंडोज ११ चढलेले! 'नेक्स्ट' दाबायलाही कुणी नव्हते.

भाषा, टाइमझोन, युजरचे नाव, पासवर्ड ही सगळी उत्तरे एका एक्सएमएल फाइलमध्ये आधीच लिहून ठेवलेली असतात. पद्धत चांगली आहे, माझ्यासारख्या लॅब असिस्टंटचे दिवसचे दिवस वाचतात. तक्रार आहे ती नंतरच्या झाडझुडीची. या फाइलची एक प्रत विंडोज आपल्या 'पँथर' फोल्डरात ठेवते. यंत्र ग्राहकाच्या हाती देण्याआधी ती काढून टाका, असे मायक्रोसॉफ्टच सांगते. पासवर्डच्या ठरलेल्या रकान्यांतला मजकूर विंडोज स्वतः पुसते, पण कंत्राटदाराने आपल्या स्क्रिप्टमध्ये (यंत्राला द्यायच्या कमांडच्या यादीत) लिहिलेल्या पासवर्डला कोण हात लावणार? आमच्याकडे सी ड्राइव्हवर त्यांचे एक फोल्डर राहून गेले होते. त्यातल्या बॅच फाइलमध्ये, म्हणजे अशाच एका स्क्रिप्टमध्ये, अ‍ॅडमिनचा पासवर्ड, आणि सगळ्या यंत्रांना तोच. अकरावीच्या एका पोराने ती नोटपॅडमध्ये उघडली आणि मलाच आणून दाखवली. हुशार पोरगा आहे, त्याला काय रागावणार?

कंत्राटदाराचे म्हणणे, साफसफाईच्या ओळी होत्या की! होत्या, खरेच. 'सेटअपकम्प्लीट' नावाच्या फाइलमध्ये होत्या. इन्स्टॉलेशन संपल्यावर, कुणी लॉगिन करण्याआधी, विंडोज ही फाइल आपोआप चालवते. मात्र यंत्र ओईएम कीवर, म्हणजे यंत्र बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या विंडोजच्या परवाना-क्रमांकावर, चालत असेल तर ती चालवतच नाही. सूट फक्त एंटरप्राइझ आणि सर्व्हर आवृत्त्यांना. आमची यंत्रे प्रो आवृत्तीची, आणि त्यांची ओईएम की कारखान्यातूनच आलेली. स्क्रीनवर काही सूचना येत नाही. आणि जिथे ती चालते तिथेही आतली कमांड फसली की नाही, हे सेटअप तपासत नाही. म्हणजे प्रत्येक यंत्राचा सी ड्राइव्ह उघडून पाहिल्याशिवाय कळायला मार्ग नाही, आणि ते पाहतो कोण? बिलावर सही करणारे बाबू तर नाहीच.

ओईएम यंत्रांवर हे काम पहिल्या लॉगिनच्या कमांडमध्ये टाकता येते. त्यासाठी अ‍ॅडमिन खात्यातून एकदा लॉगिन व्हावे लागते, पण तेही उत्तरांच्या फाइलमधूनच आपोआप करून घेता येते. फोल्डर पुसण्याची ओळ मात्र सगळ्यात शेवटी हवी, नाहीतर पुढच्या कमांडना लागणाऱ्या फाइलीच उडतात.

शाळा असो की सरकारी कचेरी, निविदेत रॅम आणि हार्ड डिस्क बारकाईने लिहिलेली असते. तिथेच आणखी दोन ओळी घालाव्यात: इन्स्टॉलेशनच्या फाइली काढल्याचे दोन-चार यंत्रे उघडून दाखवावे, आणि प्रत्येक यंत्राचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा असावा. तोवर शेवटचा हप्ता देऊ नये. आमच्या प्राचार्यांकडे मी तसे लेखी दिले आहे.

आपली,
एक लॅब असिस्टंट,
महाल, नागपूर