धरणाखालच्या गावांचा हिशेब कोण मांडणार?

प्रति,
माननीय जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी नेरूळला राहतो. माझ्या नळाला मोरबे धरणाचे पाणी येते. स्वतःच्या मालकीचे धरण असलेली महापालिका म्हणून आम्हा नवी मुंबईकरांना अभिमान वाटतो. पातळी 88 मीटरला पोहोचली की वर्षाची चिंता मिटली म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण धावरी नदीवरचे हे धरण आमच्या शहरात नाही. ते रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात आहे. सुमारे 190 दशलक्ष घनमीटर पाणी तिथे आमच्यासाठी अडवले आहे आणि त्याच्या खाली राहतात ती पाताळगंगेच्या खोऱ्यातली माणसे. पाणी आम्ही पितो, जोखीम ते सोसतात. ही वाटणी मला अस्वस्थ करते.

मोरबे धरण कमकुवत आहे असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे जोखीम मोजण्याच्या पद्धतीबद्दल आहे. धरण फुटण्याची शक्यता किती, हा त्यातला निम्मा भाग. फुटलेच तर खाली कोण सापडेल, किती मिनिटांत पाणी पोहोचेल, रात्री दोन वाजता त्यांना कोण उठवेल, हा उरलेला निम्मा. पाझर मोजणे, सांडवा तपासणे, पावसाळ्याआधी दरवाजे चालवून पाहणे, ही कामे पहिल्या भागाची. दुसरा भाग मात्र धरणाला हात न लावताही वर्षागणिक बदलत जातो. ठाणे जिल्ह्यात भातसा आणि बारवी धरणे उभी राहिली तेव्हा उल्हास खोऱ्यात भातशेती होती. आज बदलापूरपासून टिटवाळा-कल्याणपर्यंत इमारती झाल्या आहेत. बांधाखालची वस्ती वाढली आणि तिच्याबरोबर जोखीमही कितीतरी पटींनी वाढली.

घर घेताना लोक निळी आणि लाल पूररेषा विचारतात. लाल रेषेच्या बाहेर आहे म्हटले की निश्चिंत होतात. पण त्या रेषा नदीच्या पुराच्या आहेत, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धरण फुटले तर पाणी त्या रेषेशी थांबणार नाही, आणि ते कुठवर जाईल याचा नकाशा घर घेणाऱ्यासमोर कोणी ठेवत नाही.

चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. धरण लहानच होते, पण भेंदवाडी वाहून गेली. गळती होत असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. म्हणजे धोका सगळ्यात आधी बांधाखाली राहणाऱ्यांना दिसला होता, पण त्यांच्या सांगण्याला तांत्रिक अहवालाइतके वजन नव्हते. पुढे खेकड्यांनी बांध पोखरल्याची चर्चा राज्यभर झाली. त्या तक्रारीवर कोणी, कधी, काय शेरा मारला, याची चर्चा त्याहून मोठी व्हायला हवी होती.

कागदावर सुरक्षित असणे किती फसवे असते, हे ब्राझीलमध्ये दिसले. ब्रुमाजिन्यो येथे 25 जानेवारी 2019 रोजी लोहखनिजाच्या खाणीचा गाळ अडवणारा बांध फुटला आणि 270 माणसे गेली. त्या बांधाला काही महिन्यांपूर्वीच स्थिर असल्याचा दाखला मिळाला होता. दाखला देणारा सल्लागार खाण कंपनीनेच नेमलेला. कामगारांचे उपाहारगृह बांधाच्या खालीच होते आणि भोंगे वाजलेच नाहीत. आपल्याकडे नागपूरजवळ खसाळ्याला जुलै 2022 मध्ये औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या तलावाचा बांध फुटून राखेचा चिखल बाहेर पडला. केंद्राच्या धरण सुरक्षा कायद्यातली धरणाची व्याख्या मात्र नदी-उपनद्यांवर पाणी अडवणाऱ्या बांधकामांची आहे. राखेचे आणि खाणीच्या गाळाचे बांध त्यात नीट बसत नाहीत. राज्याने त्यांच्यासाठी वेगळा नियम करावा.

धरण सुरक्षा कायदा 30 डिसेंबर 2021 पासून लागू झाला. जोखीम अभ्यास, आपत्कालीन कृती आराखडा आणि स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन, या तिन्हींसाठी जुन्या धरणांना पाच वर्षे दिली. ही मुदत डिसेंबर 2026 ची. माझी विनंती आहे की हे काम केवळ मुदतीत उरकू नये. मोरबे, बारवी आणि भातसा यांचे धरणफुटीचे नकाशे मराठीत छापून खालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि तलाठी कार्यालयात लावावेत. पाणी किती वेळात पोहोचेल आणि लोकांनी कोणत्या उंच जागी जायचे, हे वाडीवार लिहावे. दरवर्षी मे महिन्यात भोंगे वाजवून रंगीत तालीम घ्यावी, आदिवासी वाड्यांना वगळू नये. तज्ज्ञ समितीपुढे गावकऱ्यांना बोलावून त्यांनी पाहिलेला पाझर, भेगा, ओल यांची लेखी नोंद व्हावी, आणि त्या नोंदीवर काय केले ते त्यांना लेखी कळवावे.

यासाठी पैसा कुठून, असा प्रश्न येईल. तो आमच्याकडून घ्या. धरणाचे पाणी पिणाऱ्या शहरांच्या पाणीपट्टीतून ठरावीक वाटा खालच्या गावांच्या भोंग्यांवर, रस्त्यांवर आणि निवाऱ्यांवर खर्च करण्याचे बंधन महापालिकांवर घालावे. माझ्या बिलात त्यासाठी वाढ झाली तरी मी ती आनंदाने भरेन.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला,
मोरबेचे पाणी पिणारा एक नागरिक
नेरूळ, नवी मुंबई