बीफहार्ट, झॅपा आणि मधला तिसरा माणूस

महोदय,

रविवार पुरवणीतला फ्रँक झॅपा आणि कॅप्टन बीफहार्ट या अमेरिकी रॉक संगीतकारांवरचा लेख वाचला. या दोघांवर मराठीत कुणी इतक्या आस्थेने लिहिले याचा आनंद झाला. लेखाचा निष्कर्ष मात्र पटला नाही. बीफहार्ट उपजत प्रतिभावंत आणि झॅपा हिशेबी कारागीर, अशी वाटणी लेखकाने केली आहे. तिला आधार म्हणून ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ या 1969 च्या दुहेरी अल्बममधली 28 गाणी बीफहार्टने साडेआठ तासांत रचल्याची गोष्ट दिली आहे. ती खुद्द बीफहार्टने पसरवलेली दंतकथा आहे. त्या अल्बमवर वाजवणाऱ्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींमधून वेगळीच हकिकत समोर येते, आणि ती दंतकथेपेक्षा कितीतरी रंजक आहे.

बीफहार्टला, म्हणजे डॉन व्हॅन व्लीटला, पियानो वाजवता येत नव्हता आणि स्वरलेखनही येत नव्हते. तरी रचना तो पियानोवरच करायचा. बोटे पडतील तशी ठेवून एखादा तुकडा सापडला की तोच घोळवत राहायचा. अडचण अशी की थोड्या वेळाने तोच तुकडा त्याला जसाच्या तसा पुन्हा वाजवता येत नसे. म्हणून त्याचा ड्रमवादक जॉन फ्रेंच कागद घेऊन शेजारी बसायचा आणि प्रत्येक तुकडा तिथल्या तिथे उतरवून घ्यायचा. खरे काम त्यानंतर सुरू व्हायचे. कोणता तुकडा कोणत्या गिटारला द्यायचा, बेस गिटारला काय द्यायचे, कोणता तुकडा किती वेळा फिरवायचा आणि सगळ्यांनी पुढच्या भागात कधी शिरायचे, हे बहुतांशी फ्रेंच ठरवायचा आणि मग एकेका वादकाला त्याचा भाग शिकवायचा. पियानोवर दहा बोटे एकदम पडू शकतात, गिटारला तारा सहाच. त्यामुळे पियानोवरचा स्वरसमूह गिटारवर आणताना काही स्वर गाळावे लागत, काही दुसऱ्या वाद्याकडे सोपवावे लागत. गिटारवादक बिल हार्कलरोडला तर हात ताणून अशा जागा पकडाव्या लागल्या, ज्या गिटारसाठी रचणाऱ्याला सुचल्याच नसत्या. त्या संगीताचा विचित्र, टोकदार पोत बराचसा या भाषांतरातून आला आहे. पियानो न येणाऱ्याचे हात, ते उतरवणारा ड्रमवादक आणि ते पेलणारे गिटारवादक, अशा तीन चाळण्यांतून ते गेले आहे.

हे संगीत ऐकताना ‘सगळे आपापले काहीही वाजवताहेत’ असे वाटते. तसे ते नाही. समजा एका गिटारचा तुकडा पाच मात्रांचा आहे आणि दुसऱ्याचा सात मात्रांचा. दोघे एकदम सुरू झाले तर त्यांची सम पुन्हा पस्तिसाव्या मात्रेनंतर जुळणार. तोवर पहिल्याची सात आवर्तने झालेली असतात, दुसऱ्याची पाच. त्यात बेसचा तिसराच हिशेब. रॉकमध्ये एरवी ड्रम सगळ्यांना ठेका देतो, इथे तोही स्वतःचा आकृतिबंध घेऊन चालतो. असे वाजवताना नेमके काय बिघडते? वादकाचा कान शेजाऱ्याकडे ओढला जातो. नकळत तो आपला तुकडा अर्ध्या मात्रेने लांबवतो किंवा आखडतो, दोघे एका ठेक्यात येतात आणि रचना तिथेच मरते. हा ओढा मोडायला हातांना सवयच लागते. म्हणून लॉस एंजलिसजवळच्या वुडलंड हिल्समधल्या एका घरात हे पथक सुमारे आठ महिने रोज तालीम करत होते. त्या घरातली उपासमार, अपमान आणि मारहाण वादकांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. प्रतिभेचे कौतुक करताना ती झाकून ठेवता येणार नाही.

त्या तालमींचे फळ स्टुडिओत दिसले. ग्लेंडेलच्या व्हिटनी स्टुडिओत पथकाने वीसेक गाण्यांचे वाद्यसंगीत जेमतेम सहा तासांत ध्वनिमुद्रित केले. म्हणजे तासांचा हिशेबच करायचा तर तो वादनाचा आहे, रचनेचा नव्हे.

या अल्बमचा निर्माता झॅपा होता, हे लेखात एका वाक्यात उरकले आहे. खरे तर तिथेच दोघांची तुलना हाताला लागते. मानववंशशास्त्रज्ञ गावात जाऊन तिथले आवाज टिपतात तसा हा अल्बम त्या घरातच मुद्रित करावा, अशी झॅपाची कल्पना होती. काही भाग तसे झालेही. मग झॅपा पैसे वाचवतोय अशी बीफहार्टला शंका आली आणि स्टुडिओचा हट्ट धरला गेला. गाताना बीफहार्टने हेडफोन घालायला नकार दिला. काचेपलीकडून झिरपेल तेवढा वाद्यांचा आवाज ऐकत तो गायला. असे केल्यावर गायकाला लय अंधुक ऐकू येते, मात्रेची धार लागत नाही आणि शब्द वाद्यांच्या जरा मागेपुढे सांडतात. दुसऱ्या कुठल्याही निर्मात्याने ते पुन्हा गाऊन घेतले असते. झॅपाने तसेच ठेवले. ‘द ब्लिंप’ या गाण्यात तर गिटारवादक जेफ कॉटनने टेलिफोनवरून वाचलेला मजकूर झॅपाने स्टुडिओत टिपला आणि स्वतःच्या पथकाच्या, त्याच वेळी हाताशी असलेल्या, ध्वनिमुद्रणावर बसवला. दुसऱ्याच्या वेडाला हात न लावण्याचे भान ही प्रतिभाच आहे.

आता झॅपाकडे. दोघे एकाच वयाचे: झॅपाचा जन्म डिसेंबर 1940 चा, व्लीटचा जानेवारी 1941 चा. मोहावी वाळवंटातल्या लँकेस्टर गावात शाळकरी वयात भेटलेले, त्याच रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या ऐकत वाढलेले. पण झॅपाने एडगार व्हारेझ या आधुनिक संगीतरचनाकाराची तबकडी ऐकली आणि स्वरलेखन बहुतांशी स्वतःच शिकून घेतले. त्याचे सगळे पुढे कागदातून गेले. ‘द ब्लॅक पेज’ हे त्याचे टोक. 1976 मध्ये त्याने आपला ड्रमवादक टेरी बोझिओ याच्यासाठी ही ड्रमची रचना लिहिली. कागद स्वरचिन्हांनी काळा झाला म्हणून ते नाव. ताल मात्र साधा चार मात्रांचा आहे. कठीण आहे ते मात्रांच्या आतले: तिगुणाच्या पोटात पुन्हा पाचाचे गट. बोझिओ पायाने सरळ मात्रा धरून ठेवतो आणि हात त्यावरून घसरत जातात. इथे बिघाड वेगळा होतो. पाचाचा गट वादक आळसाने चाराच्या जवळ नेतो, ऐकणाऱ्याला फारसे कळतही नाही. पण त्याच लयीवर झॅपाने नंतर मारिंब्यासारख्या, लाकडी पट्ट्यांवर वाजवायच्या वाद्यांसाठी सुरावट बांधली, आणि ती ड्रमबरोबर एकाच वेळी वाजते. एकाने जरी गोलमाल केला तरी दोघांचे आघात फुटतात आणि चूक सगळ्या सभागृहाला ऐकू येते. ज्यांना हे समजून घ्यायचे आहे त्यांनी आधी ‘द ब्लॅक पेज’चा दुसरा भाग ऐकावा. त्यात तीच सुरावट सरळ ठेक्यावर आहे. त्यावर टाळी धरता आली की पहिल्या भागाकडे यावे. उलट क्रमाने ऐकल्यास बहुतेकांचा धीर सुटतो.

हा माणूस ‘हिशेबी’ असता तर त्याने झेनोक्रोनी शोधली नसती. हे नाव त्याचेच. एखाद्या मैफलीतले गिटारवादन टेपवरून उचलायचे आणि वेगळ्या वेळी, वेगळ्या वादकांनी, वेगळ्या तालात वाजवलेल्या साथीवर चढवायचे. 1979 च्या ‘जोज गराज’ या अल्बममधली बहुतेक गिटारवादने अशी आहेत, ‘वॉटरमेलन इन ईस्टर हे’ हा ठळक अपवाद. यात काय सांभाळावे लागते, ते कुणी सांगत नाही. दोन्हींचा आधारस्वर एक हवा. साथ एकाच स्वरसंगतीवर रेंगाळणारी हवी. ती बदलत गेली तर गिटारची वाक्ये भलत्याच ठिकाणी विसावतात. लय जुळवायला टेपचा वेग बदलावा तर सूरही चढतो किंवा उतरतो, म्हणून ती वाट जवळपास बंद. उरते फक्त सुरुवातीची जागा मागेपुढे सरकवणे आणि कान देऊन बसणे. जमले की दोन अनोळखी वादक एकमेकांना उत्तर देताहेत असे वाटते. आणि गंमत म्हणजे हा परिणाम बीफहार्टच्या पाच-सात मात्रांच्या झटापटीच्या फार जवळ जातो. तो आठ महिन्यांच्या तालमीतून तिथे पोहोचला, हा दोन टेप यंत्रांतून.

कागदाची मर्यादाही झॅपाला भोगावी लागली. जानेवारी 1983 मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने केंट नागानोच्या दिग्दर्शनाखाली त्याच्या रचना मुद्रित केल्या. वादक अव्वल होते, तालमी अपुऱ्या. ‘स्ट्रिक्टली जेन्टील’ या सात मिनिटांच्या रचनेत चुका झाकायला सुमारे 40 जोड द्यावे लागले, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. जर्मनीचे एन्सेम्बल मॉडर्न हे वादकांचे पथक मात्र 1991 मध्ये लॉस एंजलिसला येऊन दोन आठवडे त्याच्याबरोबर बसले, आणि पुढच्या वर्षीच्या त्यांच्या मैफलींतून ‘द यलो शार्क’ हा अल्बम आला. तो 1993 मध्ये निघाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात झॅपा गेला.

मग मोठा कोण? केवळ सांगीतिक वाक्य पाहिले, तर बीफहार्टचे वाक्य जास्त अनपेक्षित आहे. ‘ट्राउट मास्क रेप्लिका’तल्या ‘फ्राउनलँड’ची पहिली काही सेकंदे ऐकली की झॅपाच्या डझनभर रचना सभ्य वाटू लागतात, हे मान्य करायलाच हवे. पण पल्ला, एकच धागा तीस वर्षे वेगवेगळ्या पथकांतून ओढत नेण्याची ताकद, ही झॅपाची. बीफहार्ट 1982 च्या ‘आइसक्रीम फॉर क्रो’ या अल्बमनंतर संगीत सोडून चित्रे काढू लागला, आणि त्यामागे उतरवून घेणारी माणसे एकामागून एक दुरावत गेली हेही एक कारण असावे असे मला वाटते. ‘ट्राउट मास्क रेप्लिका’च्या पुढच्याच ‘लिक माय डेकल्स ऑफ, बेबी’ या अल्बमच्या वेळी ते काम हार्कलरोडवर आले होते.

मूळ ‘ट्राउट मास्क रेप्लिका’च्या वेष्टनावर जॉन फ्रेंचचे नाव नाही. तो घराबाहेर काढला गेला होता, म्हणून ड्रमवादक म्हणूनही त्याची नोंद झाली नाही. 2003 मध्ये जुने वादक पुन्हा एकत्र आले तेव्हा बीफहार्टची गाणी मंचावर गायला उभा राहिला तो हाच फ्रेंच. आपल्या लेखासोबतच्या चौकटीत वादकांची नावे दिली आहेत, त्यातही तो गाळला गेला आहे. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल तर तिथे ‘जॉन फ्रेंच: ड्रम, स्वरलेखन आणि वाद्यांची मांडणी’ एवढे जरूर लिहावे.

आपला,
एक वाचक