ठराव वहीतच का राहतात?

संपादक महोदय,

आमच्या आजोबांच्या लेखी सरकार म्हणजे कचेरीतला साहेब. त्याच्यापुढे हात जोडून उभे राहायचे. आता ‘गव्हर्नन्स’चा अर्थ बदलला आहे. कारभार एकट्या सरकारने हाकायचा नाही, पंचायत, संस्था आणि नागरिकांनी मिळून ठरवायचे, असा तो अर्थ. गोव्याला हे नवे नाही. शेतांचे बांध नि पाण्याच्या वाटा पोर्तुगीज येण्याआधीपासून गावकरीत, म्हणजे गावच्या जमिनीचा सामाईक कारभार पाहणाऱ्या संस्थेत, ठरत (तिथे सगळ्यांना स्थान नव्हते, हेही खरे). माहिती अधिकाराचा कायदा आपण १९९७ मध्ये केला, केंद्राच्या आठ वर्षे आधी. लोक रस्त्यावर उतरले म्हणून २००७ मध्ये जमिनीचा वापर ठरवणारा प्रादेशिक आराखडा रद्द झाला.

मग आज ग्रामसभेत डोंगरकापणीविषयी विचारले की ‘लिहून द्या’ एवढेच उत्तर का मिळते? गेल्या वर्षी मी लिहून दिले. त्याचे पुढे काय झाले, ते अजून कळलेले नाही. दाखले ऑनलाइन मिळतात याचा आनंदच आहे. पण ती सोय झाली, सहभाग नव्हे. मागच्या प्रत्येक ठरावावर काय कार्यवाही झाली, हे पुढच्या ग्रामसभेत सुरुवातीलाच वाचून दाखवणे पंचायतींना बंधनकारक करावे.

– एक ग्रामस्थ, फोंडा तालुका