कोरडी कोपरं

कोंढवा, पुणे
शुक्रवार, रात्री उशिरा

प्रिय सली,

अस्सलामु अलैकुम. रमजान संपला की फोन करते म्हणाले होते, आता बकरी ईदसुद्धा होऊन गेली. शिव्या घाल, पण आधी हे वाच. तब्येत बरी. गुडघा आहे तिथेच आहे.

काल आमचा बाबू मोरीतून आला. तोंड ओलं, केस ओले. "अम्मी, असरची नमाज पढली." पाच मिनिटांत हात-तोंड-पाय धुऊन वुजू आणि नमाजच्या चार रकात? शिवाय मोबाईलवर गेम चालू! मी दंड धरून बघितलं, वुजूत हात कोपरापर्यंत धुवायचे, तर याची कोपरं ठणठणीत कोरडी. सली, खरं सांगते, आधी हसूच फुटलं. मनगटापर्यंत पाणी आणि कपाळाला दोन थेंब, ही युक्ती हाफिजसाबांच्या मदरशात कुणाची गं? आणि 1995 च्या रोज्यात चिंचा दोघींनी खाल्ल्या, चिंचोके तेवढे माझ्या दप्तरात निघाले. मार मी खाल्ला. अजून माफ केलेलं नाही.

हसू आवरलं आणि मग ओरडले. इतकी, की समोरच्या काकूंनी दार उघडलं. सातव्या वर्षी नमाजला लावा, दहाव्याला सक्ती करा, ही हदीस मला पाठ. हा नुकताच दहाचा झालाय, म्हणजे मला परवानाच! त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अम्मी, कुराणात सूरह लुकमानमध्ये आहे. आवाज खाली ठेव. सगळ्यात वाईट आवाज गाढवाचा."

कुराण शिकवणाऱ्या त्या ऑनलाइन मकतबची फी मीच भरते, बघ.

रात्री मराठी तर्जुमा काढून बसले. आयत 13 ते 19. लुकमान मुलाला तीनदा 'बाळा' म्हणतो. आधी अल्लाह एकच, मग आईबापाचे उपकार, मग खडकात दडलेला मोहरीएवढा दाणाही अल्लाह हजर करतो हे, आणि तेव्हा कुठे नमाज. माझी सुरुवातच "पढलास का?" आणि शेवटही तोच. बाळा म्हणून किती महिने झाले, आठवत नाही. नमाज आज चुकवली, उद्या पढेल. पण पोरगं अल्लाहला विसरून माझ्याकडे हजेरी लावायला शिकलं, त्याचं काय करू?

अब्बांनी मला कधी विचारलं नव्हतं गं. पहाटे फजरच्या नमाजला मोरीत त्यांच्या तांब्याचा आवाज यायचा आणि गोधडीत पडून राहायची लाज वाटायची, बस. इथे मी पढते दार लावून, पोरं मध्ये येतात म्हणून. त्याने मला फोनवर बोलताना रोज बघितलंय, सजद्यात किती वेळा? हे म्हणतात, "होईल मोठा तसा सुधारेल." हे स्वतः जुम्याच्या नमाजला इमामांचं प्रवचन, खुतबा, सुरू झाल्यावर चप्पल शोधणारे!

तुझ्या धाकटीच्या दहावीचं काय झालं? मस्कतला जाणारं कुणी असेल तर कळव, मसाला कुटून तयार आहे. दुबईवाल्या जाऊबाईंच्या हाती देणार नाही, मागच्या वेळचं लक्षात आहे.

आज संध्याकाळी मगरिबच्या नमाजला जानमाज हॉलमध्येच टाकली. कुणाला हाक मारली नाही. दुसऱ्या रकातीत शेजारी कुणीतरी उभं राहिल्यासारखं वाटलं. नमाज संपवून सलाम फेरला तर हा, बाह्या दुमडलेल्या. दोन्ही कोपरं माझ्यापुढे केली. "तपास."

मी तपासली नाही. तपासायला हवी होती का गं?

तुझीच,
मुन्नी